धरणावरचा वारा

“भिंत तपासायला आता डास आणलाय म्हणे! उद्या माझ्या वाटचा चहासुद्धा तोच पिईल…” कुणीतरी तिच्या कानाशीच पुटपुटलं.

ड्रोन घेऊन बिश्केकहून आलेल्या सायकालनं वळून पाहिलं. डोक्यावर पांढरी लोकरी टोपी, खांद्यावर दोराचं वेटोळं. हा बेक्तूर. दोराला लटकून धरणाच्या भिंतीवर उतरायचं नि तडे शोधायचे, हे त्याचं काम. त्याचे वडीलही तेच करायचे. एका वसंतात उतरले, ते वर आलेच नाहीत.

“डास चहा पीत नाही,” ती म्हणाली. “मी पिते.”

ड्रोन भिरभिरत खाली गेलं. उन्हामुळे हातातल्या पडद्यावर काही दिसेना. ती डोळे किलकिले करतेय तोच अलगद सावली आली. त्यानं टोपी काढून पडद्यावर धरली होती.

“उगाच आभार नकोत. मला माझी भिंत बघायचीय.”

“मानलेत कुणी?”

 भिंतीतल्या ज्या कडीला उद्या त्याचा दोर बांधायचा होता, ती पडद्यावर मोठी होत गेली… खालच्या बाजूनं गंजून पार झिजलेली. वरून पाहणाऱ्याला कधी कळलंच नसतं.

बेक्तूरनं खांद्यावरचं वेटोळं उतरवून खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याची आई, उमसुन आपा, पिठाचे गरम बोरसोक तळून आणू लागली. सायकालची ओंजळ भरायची, तिच्याकडे बघत राहायची… बोलायची मात्र काही नाही.

बघता बघता भिंत संपत आली. एकच कोपरा राहिला. तो झाला की सायकाल बिश्केकला परत.

“आज वारा फार आहे, ड्रोन उडणार नाही,” ती म्हणाली.

“फारच,” बेक्तूरनं मान डोलावली. वर झेंडा काठीला बिलगून झोपला होता.

दुसऱ्या दिवशीही वारा. तिसऱ्याही. “जपून गं, उडून जाशील!” म्हणत म्हातारा पहारेकरी मिशीत हसायचा.

शेवटी आपानं बोरसोकचं फडकं तिच्या मांडीवर ठेवलं.

“माझा लेक जिवंत आहे तो तुझ्यामुळे, पोरी. एवढं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.” मग लेकाकडे वळून, “आणि तुझी रे? तुझी कधी रेटणार?”

बेक्तूरनं टोपी काढली. हातात फिरवली… पुन्हा फिरवली.

“वारा नाहीये, सायकाल. कालही नव्हता. तू… जाऊ नकोस.”