शिंपल्यांचा कॅन

रत्नागिरीहून निघालेली वर्षाराणी गेवराईच्या स्टँडवर उतरली, तेव्हा तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. उतरली कसली, कंडक्टरनंच उतरवली. तिच्या कॅनमधून औषधाचा असा उग्र वास सुटला होता, की अख्खी एसटी नाकाला पदर लावून बसली होती. तिच्या गावाची, उमापूरची गाडीही तिला कॅनसकट घेईना.

स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमधला अमरनाथ म्हणाला, "ठिवा इथं. उद्या सावकाश न्या." आत काय आहे, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही... तेवढ्यानंच तिला विसावल्यासारखं झालं.

कॅनमध्ये समुद्राच्या खडकांवरचे शिंपले होते, कुजू नयेत म्हणून औषधात बुडवलेले. शिंपला वयात कधी येतो, हा तिचा एम.फिल.चा विषय. उमापूरचा विषय वेगळाच – वर्षाराणी सत्ताविसाची झाली, अजून उजवली कावून न्हाई? रविवारी पुन्हा पाहुणे, पुन्हा पोहे, पुन्हा खाली मान. यंदा प्रबंध झाला नाही तर मुकाट्यानं बोहल्यावर चढेन, असं ती वडिलांना, आप्पांना कबूल करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी आली, तर अमरनाथचे डोळे लालबुंद.

"रडलात की काय?"

"न्हाई ओ... तुमचं पाणी लई झोंबलं. वास मारत हुतं, म्हणून वतून दिलं. आडाचं गोड पाणी भरलंय. जीव हायत ना ते..."

वर्षाराणीनं घाईनं कॅनचं झाकण काढलं. गळ्यात इष्टलिंग, तिच्यासारखाच शाकाहारी लिंगायत घरातला, उभ्या जन्मात शिंपला न पाहिलेला माणूस – त्यानं मेलेल्यांना पाणी पाजलं होतं! तिनं एक शिंपला उघडला. मांस घट्ट होतं, रंग जागच्या जागी. औषधात आठवडाभर मुरलेले ते, आता धुवायचेच तर होते. ती मटकन बाकड्यावर बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

जीव भांड्यात पडल्यावर अमरनाथ जवळ सरकला. "ह्यात बाई कोण, गडी कोण?"

"केशरी ती मादी. सायीसारखा पांढरा तो नर."

"अन् हा?"

तो शिंपला फिका होता, पातळ, काचेसारखा. "कळत नाही. सगळं समुद्राला देऊन बसला की दोघंही सारखेच दिसतात. दमलेले."

दिवसभर काचेआड लोकांचं गुलूगुलू ऐकून आपलेही कान दमलेत, असं तो म्हणाला. मग हळूच – "खडकाला चिकटलेले हे. ना बोलणं, ना चालणं... जमतं कसं ह्यांचं?"

"एकानं सुरुवात केली की शेजारच्याला पाण्यातनं कळतं."

"पैलं कोण करतं?"

"बहुतेकदा... नर."

अमरनाथ कॅनकडं बघत म्हणाला, "काल तुमी गेलात, तवापास्नं वाट बघतोय. पाणी बदललं ते बी... तुमचं कायतरी करावं म्हणून."

बाहेर उमापूरची गाडी लागली. वर्षाराणी उठली, पण फोनकडं. उमापूरच्या दुकानात फोन लावून तिनं आप्पांना बोलावून घेतलं आणि रविवारच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा, असं सांगितलं.

"कावून गं?" आप्पा विचारत राहिले. मीटरचे लाल आकडे पळत होते. अमरनाथनं ते तळहातानं झाकून धरले.

त्याच्याकडं बघत ती म्हणाली, "पाण्यातनं कळलं, आप्पा."