टीव्हीपुढची जागा

टीव्हीचं चित्र बिघडलं म्हणून जे मला बोलावतात, त्यांतल्या बहुतेकांचं चित्र बिघडलेलं नसतंच. कोणाच्या नातवाने बटणं दाबून सगळी माणसं निळी करून ठेवलेली असतात, कोणाची वायर उंदराने कुरतडलेली असते. पडद्यावर वर्षभराची धूळ साठवून "पॅनल गेलं का हो?" असं विचारणारेही पाहिलेत. कुडव्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. माझा अनुभव असा, की माणसं थापा मारतात, टीव्ही मारत नाही. त्याला जे होतं ते तो दाखवतो. म्हणूनच कुसुमबाईंच्या टीव्हीची गोष्ट ऐकून कोणी हसलं की मला राग येतो.

कुसुमबाई म्हणजे माझ्या मित्राची, राजदीपची आई. राजदीप माझ्याबरोबर शिकला, आता नागपूरला नोकरीत आहे. दिवाळीनंतर त्याचा फोन आला.

"योगराज, सौंदडला जाऊन ये यार. आई म्हणते, संध्याकाळी टीव्हीचं चित्र काळं पडतं. बाबा समोर येऊन बसतात म्हणून पडतं म्हणे."

त्याचे बाबा, हिरालालकाका, रेल्वेत गँगमन होते. ते जाऊन वर्ष होत आलं होतं.

"तू फक्त टीव्ही चेक कर," तो म्हणाला. "टीव्हीत खराबी असली तर प्रश्नच मिटला. नसली तर मग आईच्या डोक्यात आहे. मग घराला कुलूप लावून मी तिला इकडे आणतो. अशा हालतीत एकटी कशी ठेवू?"

एका बाईचं घर माझ्या स्क्रूड्रायव्हरवर टांगलं गेलं होतं. मला ते आवडलं नाही, पण खरं सांगायचं तर कुतूहल त्याहून मोठं होतं. मी गाडीला किक मारली.

सौंदडला पोचलो तेव्हा दुपार होती. स्टेशनापासून जवळच घर, भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली लोखंडी पेटीवर टीव्ही. कुसुमबाईंनी पाणी दिलं आणि मी विचारायच्या आतच बोलायला लागल्या.

"भूत म्हनलं का मी? आमच्या घरी भूतबित नाही मानत. कोनीतरी समोर बसून राह्यते, येवढंच म्हनलं. राजदीपले वाटते मी बह्याड झाली. आन् मी काही इथून जात नाही, बाबू. त्या फ्लॅटात जीव गुदमरते माहा."

मी टीव्ही उघडून पाहिला. आतले दिवे ठीक, वायर ठीक, व्होल्टेज ठीक. रिमोटमध्ये नवे सेल टाकले. चित्र असं लख्ख, की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातले खडे मोजून घ्यावेत.

"दिवे लागू दे," कुसुमबाई म्हणाल्या. "मंग पाह्य."

दिवेलागण झाली. बाहेरून कापलेल्या धानाचा वास येत होता. एक मालगाडी गेली, फळीवरची भांडी थरथरून गप्प झाली. कुसुमबाईंनी ट्यूबलाइट लावली, मालिका लावली आणि खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

थोड्याच वेळात चित्र काळवंडायला लागलं. फडफडलं नाही, तुटलं नाही. कंदिलाची वात कोणी हळूच खाली करावी, तसं.

"पाह्य..." कुसुमबाई कुजबुजल्या.

मी आधी ट्यूबलाइटकडे पाहिलं. ती नीट जळत होती. आता एवढं समजून घ्या. काही टीव्हींच्या खालच्या पट्टीत काचेचा एक बारीक ठिपका असतो, तो खोलीतला उजेड मोजतो. उजेड कमी झाला की टीव्ही आपणहून चित्र मंद करतो. आणि रिमोटचा इशारा पकडणारा डोळाही तिथेच, त्याला खेटून असतो. मी रिमोटने आवाज वाढवून पाहिला. वाढला नाही. बाजूला सरकून दाबलं, वाढला. पुन्हा खुर्चीपाशी येऊन दाबलं, काही नाही. हात डोक्यावर नेऊन दाबलं, लगेच वाढला.

म्हणजे बिघाड दोन, पण कारण एकच. खुर्ची आणि टीव्हीच्या मधे, अगदी टीव्हीजवळ, काहीतरी होतं. मला तिथे फरशीशिवाय काही दिसत नव्हतं.

शहाणा माणूस तिथूनच उठून गेला असता. माझी बायको रीना म्हणते, तुम्ही दुरुस्तीला जाता की पंचनाम्याला. मी गुडघ्यांवर बसलो आणि रिमोट दाबत दाबत पुढे सरकलो. डावीकडून, उजवीकडून, खालून, वरून. जिथून इशारा पोचत नव्हता तिथे फरशीवर एकेक स्क्रू ठेवत गेलो. स्क्रूंचा एक लहानसा गोल तयार झाला. मग वरची बाजू शोधायला हात त्या गोलावर नेला. तिथली हवा गार असेल असं वाटलं होतं. ती कोमट होती. आणि ओव्याच्या धुरीचा वास आला, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

"तेच आहेत ना?" कुसुमबाईंनी विचारलं. "मोतीबिंदू होता त्याहिले. टीव्हीले नाक लावून बसत..."

मी हात मागे घेतला. "मावशी... काका उंच होते का?"

"दारातून वाकून येत."

"हे जेमतेम हातभर आहे."

त्या बराच वेळ स्क्रूंकडे पाहत राहिल्या. चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीतरी आठवत होतं, आणि ते दूरवरून येत होतं.

"राजदीपच्या आंधी एक झाला होता," त्या म्हणाल्या. "बसाले लागला होता नुकताच. तापानं गेला. तवा या घरात लाईट बी नव्हती, बाबू..."

मी म्हणालो, तो उजेड मोजणारा ठिपका मेनूतून बंद करता येतो, मग चित्र काळं पडणार नाही.

"राहू दे. मंग तो आला म्हून मले कसं समजन?" असं म्हणून त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

अंगणात येऊन मी राजदीपला फोन लावला. "चित्र खरंच काळवंडतं. मी डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या आईचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा ठीक आहे."

"कशानं होतं?"

"सेन्सरसमोर अडथळा येतो."

त्याने मोठा श्वास सोडला. "चल, टेन्शन गेलं. मग राहू दे तिला तिथेच."

त्यानंतर कुसुमबाईंचे फोन येऊ लागले. टीव्ही हे निमित्त, आवाजात मात्र कौतुक. "रिमोट आता जरा वर धरा लागते, बाबू." होळीच्या सुमाराला म्हणाल्या, "आता उभं राहून दाबते मी. वाढून राह्यला ना तो." मी हसत हसत हे रीनाला सांगितलं. ती ताटात भात वाढत होती, तिचा हात थांबला.

"काऊन हसता? लेकरू येवढ्या लौकर वाढते का?"

त्या जेवणाची चव गेली. राजदीपला सांगावं असं मनात आलं, पण काय सांगणार होतो?

आणि मग एका संध्याकाळी पुन्हा फोन आला. मागे मालिकेचं संगीत वाजत होतं.

"चित्र आता सोन्यासारखं येते, बाबू. काळं पडतच नाही."

"चांगलं झालं, मावशी."

"रिमोट तेवढा चालत नाही. उभं राहून नाही, पाटावर चढून हात वर केला तरी नाही."

मी सरळ बसलो. "मावशी, टीव्हीजवळ जा. अगदी जवळ जाऊन दाबा."

"जाऊ कुठं देते..." त्या हसल्या. लाडावलेल्या पोराची तक्रार करताना आई हसते, तशा. पण हसू अर्ध्यात विरलं.

माझ्या धंद्यातलं मला कळतं. चित्र लख्ख, म्हणजे टीव्हीजवळ आता कोणी नाही. रिमोट अडतो, म्हणजे मधे अजून कोणीतरी आहे. पाटावर चढून हात वर केला तरी अडतो, म्हणजे ते त्यांच्या अगदी पुढ्यात उभं आहे, आणि त्यांच्या हातापेक्षा उंच आहे. टीव्ही पाहून झाला होता त्याचा.

"मावशी," मी शक्य तितकं साधं बोललो, "राजदीपकडे जाऊन राहता का थोडे दिवस? मी आत्ता येतो न्यायला."

त्या रागावतील, फ्लॅटाला नावं ठेवतील, मला झापतील, अशी मी वाट पाहत होतो. त्यांनी झापलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं.

"इचारून पाहते..." त्या अगदी हळू म्हणाल्या.

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. बंद केला नव्हता. मी कानाला लावून बसलो. मालिकेतली बाई मोठ्याने रडत होती. त्यांच्या हातून तर रिमोट चालत नव्हता. तरी टीव्हीचा आवाज कमी व्हायला लागला, एकेक पायरीने, पार बंद होईपर्यंत.