घंटीतली लोकर

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाईंचा चेहरा खुलायचा. मुलं त्यांना पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. उसन्या टिपणांवर भागवून आलेलं पोर त्यांच्या हातून सुटत नसे. युक्ती साधी होती. कादंबरीत नसलेला एक प्रसंग मनाने रचायचा आणि साळसूदपणे विचारायचा. जो मान डोलावेल तो गेला.

यंदाच्या कादंबरीत आजची एक मुलगी पुन्हापुन्हा गुलामगिरीच्या काळात जाऊन पडते. शेवटच्या खेपेला ती मालकाच्या घरातून पळते, अंधारात नदीपर्यंत पोचते आणि तिथे पकडली जाते. त्या सकाळी दात घासताना बाईंनी प्रसंग रचला होता: मालकीण गुलाम बायकांच्या पायात घंटी बांधते. आरशाखेरीज कुणाला कळायचं कारण नव्हतं.

शेवटची मुलगी आत आली. मावशीकडे राहून, तिचं घरकाम उरकून शिकणारी. साबणाने बोटं सोललेली. बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, नापास झाले तर मावशी कॉलेज बंद करणार आहे. तसं बोललीये ती."

"उत्तरं दे म्हणजे झालं. लेखिका नायिकेला मागच्या काळात का नेते?"

"इतिहास म्हटलं की आपण लांबून हळहळतो. तिने वाचणाऱ्यालाच तिथे भांडी घासायला बसवलंय. आणि नायिकेला त्याची सवय होत जाते, बाई. मालकिणीची चाहूल लागली की आपोआप उठून उभी राहते. मारापेक्षा मला त्याचीच भीती वाटली."

पोरगी वाचून आली होती. बाई मनातून सुखावल्या. "नदीवर ती सापडते कशी?"

"ते लिहिलेलं नाही. मुद्दाम मोकळं सोडलंय."

"बरं. आणि घंटी कशाचं प्रतीक?"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "घंटी पुस्तकात नाहीये, बाई."

शाबास, असं बाई म्हणणारच होत्या.

"तुम्हाला कशी माहीत?" मुलीने हळूच विचारलं.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "तुला काय माहीत, ते आधी सांग."

"डाव्या पायात असते. आत लोकर कोंबली की वाजत नाही. पण मालकीण बोट घालून तपासते."

लोकरीचं बाई स्वतःशीसुद्धा बोलल्या नव्हत्या. चूळ भरताना नुसतं मनात येऊन गेलं होतं. त्या घाबरल्या, आणि घाबरल्या की त्यांना राग यायचा.

"कुणी सांगितलं तुला? खरं बोल, नाहीतर शून्य देईन."

"कुणी नाही. मला जाऊ द्या ना, बाई. उशीर होतोय."

"पाय पुढे कर."

असला आवाज बाईंनी स्वतःच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मुलीने का म्हणून विचारलं नाही. ती आपोआप उठून उभी राहिली आणि डावा पाय पुढे केला.

घोट्याला काहीच नव्हतं.

तरी बाई वाकल्या. कुठे जायचं ते बोटाला ठाऊक होतं. त्याला काहीतरी गार लागलं, मग मऊ.

त्या दचकून सरळ झाल्या. हात झटकन मागे घेऊन मूठ आवळली. आपल्याला हे काय झालं, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"जा. पास आहेस तू," त्या घाईघाईने म्हणाल्या.

मुलीचे डोळे भरून आले. "उपकार विसरणार नाही, बाई." आणि ती पळत सुटली.

पहिल्याच पावलाला घंटी वाजली.

बाईंनी मूठ उघडली. तळहातावर लोकरीचा बोळा होता, अजून कोमट.

बाहेर घंटी खणखणत जिना उतरत होती.

मग मध्येच थांबली.