दुसरं फाटक

क्लेमच्या पाण्याच्या पंपाचा रबरी वायसर फाटला होता आणि नवा वायसर पोचवायला त्याची बहीण नेरिडा निघाली होती. एवढंच काम. वस्तू तळहाताएवढी, पण तिच्यासाठी गावापासून नव्वद किलोमीटर लाल धुळीतून जायचं होतं, आणि नेरिडाला त्याचा आनंदच होता. एकसष्टाव्या वर्षी अडीचशे किलोची मोटारसायकल काढायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं. नाहीतर लोक काळजी करतात.

सगळ्यात जास्त काळजी क्लेमला. तो तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, बिनलग्नाचा, हजारभर मेंढ्या आणि एक कुत्रा यांच्याबरोबर रानात एकटा राहणारा. म्हणजे काळजी करायला त्याच्याकडे वेळच वेळ. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं तिच्याकडून शब्द घेतला होता: ज्या दिवशी पडलेली गाडी उचलायला दुसऱ्याचा हात लागेल, त्या दिवशी ती विकून टाकायची. दोघांनी हात मिळवले होते, आणि त्यांच्या घरात हात मिळवणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

क्लेमच्या हद्दीत शिरलं की घरापर्यंत पाच फाटकं. तिथला कायदा लहान पोरालाही पाठ असतो. फाटक जसं सापडलं तसंच मागे ठेवायचं; आणि गाडीत दोघं असतील तर उतरून फाटक उघडायचं, लावायचं काम बरोबरच्याचं. एकट्या माणसाला मात्र प्रत्येक फाटकाशी दोनदा उतरावं लागतं. पहिल्याच फाटकाशी नेरिडाचा गुडघा कुरकुरला. म्हणून दुसऱ्या फाटकाशी तिनं शहाणपणा केला. तिचे वडील घोड्यावरून न उतरता फाटकं लावायचे. तिनं बसल्या बसल्या साखळी काढली, पुढच्या चाकानं फाटक ढकललं, आत शिरली, आणि तसंच वळून फाटक ओढायला हात लांब केला. उजवा पाय टेकायला गेला तिथं जमीनच नव्हती, चाकोरीचा खड्डा होता.

गाडी पडली म्हणण्यापेक्षा आडवी झाली, अगदी सावकाश, म्हातारी गाय बसते तशी. नेरिडा बाजूला उभी राहिली आणि मनापासून हसली. वेग शून्य. कुणी बघितलं असतं तर गावभर झालं असतं.

मग तिनं इंजिन बंद केलं आणि सगळं शांत झालं. भर दुपार होती, ऊन मी म्हणत होतं. तापलेलं इंजिन टकटक करत होतं, पेट्रोलचा वास पसरला होता. उघडं फाटक वारा नसताना किंचित हलत होतं.

गाडी कशी उचलायची ते तिला तोंडपाठ होतं. वर आलेल्या डाव्या बाजूचा साइड स्टँड आधी बाहेर काढला, म्हणजे पलीकडे कलंडायची भीती नाही. मग गाडीकडे पाठ केली, सीटच्या कडेला कंबर लावली, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरियरला. जोर पाठीचा नाही, पायांचा. बारीक बारीक पावलं मागे.

पहिल्यांदा गाडी वीतभर उठली आणि बसली. दुसऱ्यांदा गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं. नेरिडाच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं कमी आणि रागाचं जास्त. इथून चालत जाऊन क्लेमला बोलवायचं, म्हणजे पुढच्या आठवड्यात ही गाडी कुणा परक्याच्या दारात उभी असणार. त्यानंतर आपण काय करायचं, खिडकीत बसून विणायचं?

ती तिसऱ्यांदा गाडीला पाठ लावून बसली. ‘एक...’ ती मोठ्यानं म्हणाली. ‘दोन...’

तेव्हा तिला ओल्या लोकरीचा वास आला. पाऊस पडून चौदा महिने झाले होते. आणि तिच्या उजव्या खांद्याला दुसरा एक खांदा टेकला, थंड आणि रुंद, शेजारी बसून जोर लावणाऱ्याचा टेकावा तसा.

‘तीन’ कोण म्हणालं ते तिला आठवत नाही. गाडी कापसासारखी वर आली आणि स्टँडवर उभी राहिली. नेरिडानं वळून पाहिलं. लाल माती, उन्हाची झळ, बाकी काही नाही.

गाडी उभी होती, हेच खरं, असं तिनं ठरवलं आणि निघाली. अर्ध्या किलोमीटरवर तिला आठवलं. फाटक उघडंच राहिलं! तिनं आरशात पाहिलं. दूरवर फाटक बंद होतं.

तिसरं फाटक तिच्यासमोर उघडं होतं. ती गेली आणि मागे साखळी वाजली. चौथंही तसंच. पाचवंही. गाडी मागच्या बाजूला दबून चालत होती, मागे कुणी बसलं की दबते तशी. नेरिडानं पुन्हा आरशात बघितलं नाही.

क्लेमनं तिला चहा दिला, मटणाचे चॉप्स तळले, आणि मग वाकलेला ब्रेक पाहून विचारलं, ‘पडलीस?’

‘गाडी पडली. मी उभीच होते.’

‘एकटीनं उचललीस?’

‘मग काय तुझ्या मेंढ्यांनी उचलली?’

तो मान हलवत हसला. नेरिडाही हसली. गाडीच्या मागच्या सीटचे दोन्ही फूटरेस्ट उघडलेले होते. क्लेमचं लक्ष जायच्या आत तिनं ते पायानं दुमडले.

दुसऱ्या दिवशी परतताना पाचही फाटकं बंद होती. ती दहा वेळा उतरली, गुडघ्याला दहा वेळा शिव्या दिल्या, आणि प्रत्येक वेळी तिला जास्तच हलकं वाटलं. मागे कुणी नव्हतं. गावात शिरताना ती गुणगुणत होती. इतकी छान झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

गुरुवारी क्लेमचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती. पंप चालू झाला होता. वायसर बदलायला ओढावा लागणारा विहिरीतला लोखंडी पाइप आजवर त्याच्या एकट्याच्यानं कधी हलला नव्हता. या वेळी एक, दोन म्हणतो तोच वर आला. अंगात अजून जोर आहे म्हणायचा. शनिवारी तो दोन दिवस तिच्याकडे राहायला येणार होता. कुत्र्यालाही आणलं असतं, पण तो दोन दिवस क्लेमच्या मोटारीजवळ फिरकतच नव्हता.

नेरिडा खुर्चीत बसली. खिडकीतून तिला तिची मोटारसायकल दिसत होती, धुऊन पुसून लख्ख. तोंड उघडलं तर ती जाणार होती.

‘फक्त ती पाच फाटकं,’ क्लेम म्हणत होता. ‘दहा वेळा उतरायचं. जिवावर येतं बघ.’

‘क्लेम...’ ती हळूच म्हणाली. ‘तुला उतरावं नाही लागणार.’

मग त्यानं विचारलं, ‘नेरी... ती गाडी तू एकटीनंच उचलली होतीस ना?’