नकल्याच्या अंगावरची चौकडी

थोरली लोकांचे डोळे तपासून चष्मे देते, त्यामुळे ‘मला दिसलं’ या शब्दांवर तिचा काडीचाही विश्वास नाही. आई फोनवर म्हणाली, “मी काही तुझ्याकडे राहायला येत नाही बाई. नकल्या अजून चौकडी दाखवतो.” तेव्हा सामान बांधायला निघताना थोरलीने पिशवीत सगळ्यात आधी डोळे तपासायची बारकी बॅटरी टाकली. मोतीबिंदू असणार, दुसरं काय!

घर म्हणजे पुढे बाबांचं शोभेच्या माशांचं दुकान आणि मागे दोन खोल्या. बाबा गेल्यावर आईने टाक्या एकेक करून देऊन टाकल्या. भिंतींवर पाण्याच्या रेघा तेवढ्या उरल्या, आणि तो वास. ओल्या काचेचा, दमट, गोडसर. दारातून आत पाऊल टाकलं आणि थोरलीला एकदम भरून आलं. परीक्षेचा अभ्यास याच वासात, बाबांच्या शिव्या याच वासात, सगळं बालपणच या वासात.

एक टाकी मात्र आईने ठेवली होती. उंच लोखंडी स्टँडवरची, तळालाही काच असलेली. खाऱ्या पाण्यातला एक चपटा मासा त्यात तळाला चिकटून पडलेला असायचा. दोन्ही डोळे एकाच अंगाला, ते गरागरा फिरवून तो आजूबाजूचा तळ न्याहाळायचा आणि मग तसाच रंग अंगावर घ्यायचा. काचेखाली वाळू ठेवा, वाळू होईल. ठिपक्यांचा कागद ठेवा, ठिपके येतील. रंग म्हणाल तर तपकिरी, पांढरा आणि काळपट एवढेच. पण त्यांत काय वाटेल ते उतरवायचा पठ्ठ्या. बाबांनी त्याचं नाव नकल्या ठेवलं. तो मेला की दुसरा आणायचे, तोही नकल्याच.

आईचे डोळे थोरलीने नीट तपासले. पुन्हा तपासले. मोतीबिंदूचा पत्ता नाही. या वयात हेवा वाटावा अशी नजर.

“झालं समाधान?” आई म्हणाली. “आता त्याला बघ.”

टाकीखाली काळी फरशी होती, बाकी काही नाही. मासा काळा दिसायला हवा होता. त्याच्या अंगावर चौकडी होती. बारीक, नेटकी, एक चौकोन गडद, एक फिका.

थोरलीने खिडकीकडे पाहिलं. गजांची सावली पडत असेल. तिने खिडकी लावून घेतली, पडदा ओढला, दिवा लावला. चौकडी होती तशीच. टाकीखाली वाकून तिने फरशीवरून हात फिरवला. कोरडी, गार.

“जुनी सवय असेल त्याची,” ती म्हणाली.

“अगं, हा आणून वर्षसुद्धा नाही झालं. याला कुठली जुनी सवय?”

थोरली चहा टाकायला उठली. मग दोघी टाकीसमोर चहा घेत बसल्या आणि विषय टाळता टाळता त्याच्यावरच आल्या. शाळेतून आल्यावर दोघी बहिणी नकल्याला कपडे दाखवायच्या. म्हणजे टाकीखाली उताणं पडायचं आणि बाबांनी वरून सांगायचं, कुणाचा फ्रॉक उमटला. धाकटीला फरशी गार लागायची, म्हणून ती सरळ थोरलीच्या पोटावर चढून झोपायची. मग काय, दरवेळी धाकटीची चौकडी. थोरलीचा फ्रॉक कधी उमटेल तर शपथ! ती चिडून रडायला लागली की बाबा म्हणायचे, “अगं, तू तिची गादी. गादीला कोण विचारतंय?”

आई खुदकन हसली. थोरलीही हसली. धाकटी शाळेत जायला लागली त्याच वर्षी तापाने गेली. चौकडीचा फ्रॉक अंगावर होता, तो तिच्याबरोबरच गेला.

“उद्या नव्या मालकाला दुकानाची किल्ली द्यायची आहे, आई. तू इथे एकटी नाही राहू शकत.”

“एकटी कुठे आहे?”

थोरलीने कप खाली ठेवला. “हे बघ, माझ्या शर्टावर पट्टे आहेत. मी खाली झोपते. पट्टे उमटले तर तू मुकाट्याने माझ्याबरोबर यायचं. कबूल?”

आईने बराच वेळ माशाकडे पाहिलं. “कबूल.”

थोरली सरपटत टाकीखाली गेली. आता पाय बाहेर राहत होते. पाठीला फरशी झोंबली. वर हिरवट पाणी, त्यात नकल्याचं फिकट पोट, आणि त्यापलीकडे आईचा हलणारा चेहरा.

“काय दिसतंय?”

“थांब, तो बघतोय.”

टाकीतला पंप गुरगुरत होता.

“पट्टे आले?”

“नाही गं.”

“आई, खरं सांग.”

“तुझी शप्पथ. एकही पट्टा नाही. चौकडीच आहे.” आईचा आवाज बदलला. “पण आता ती हलतेय. वर-खाली, वर-खाली.”

“माझ्या श्वासाने हलत असेल.”

थोरलीने श्वास रोखून धरला. पोट आत ओढून ती दगडासारखी पडून राहिली. कानात ठोके वाजायला लागले.

“आता?”

“हलतेय.”

फरशी अजून गारच होती. पोट मात्र ऊबदार झालं होतं.

 थोरलीने उठायला कोपर टेकवलं, तशी काचेवर आईच्या बोटाची हलकी टकटक झाली.

“अगं, हळू,” आई कुजबुजली. “आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.”

थोरलीने कोपर सावकाश पुन्हा खाली टेकवलं.