चार बोटं माती

“बाजूला हो, आई! एकेक खोकं खाली फेकून देतो!”

गच्चीच्या उघड्या काँक्रीटवर मुलगा लाकडी खोकं उचलून उभा होता, आणि आई... ती आपली पदराआड खोकला दाबत, त्यातल्या टोमॅटोच्या बोटभर रोपाकडे पाहत होती.

“पोटुशी होती माझी बायको! ओल्या धुण्याची बादली देऊन तिला या जिन्यावर तूच पाठवलंस ना? पाय घसरला, बाळ गेलं... आणि त्याच जिन्यानं माती वाहताना तुझे हात कापत नाहीत?”

हा दोष आईनं इस्पितळाच्या दारातच आपल्या अंगावर घेतला होता! “नको गं, मी नेते” म्हणत खरं तर ती सुनेच्या मागे धावली होती, पण रागानं थरथरणारा मुलगा आणि आत रिकाम्या कुशीनं निपचित पडलेली ती पोर पाहून तिच्या तोंडून निघून गेलं, “मीच पाठवलं तिला.” लेकाचा राग आपण सोसू, त्या पोरीनं आणखी काय काय सोसावं?

तेव्हापासून सून भिंतीकडे तोंड करून पडून होती. मळ्यात वाढलेली मुलगी... ओल्या मातीच्या वासानं तरी उठेल, या वेड्या आशेनं आईनं गच्चीवर खोकी मांडली. गवंडी म्हणाला होता, “मावशी, स्लॅब म्हातारा झालाय, तुमच्या-माझ्यासारखाच. चार बोटं मातीच्या वर भार घालू नका.” पण चार बोटांत मुळं जाणार तरी कुठवर?

खोकं मुलाच्या हातून निसटलं, फुटलं... आणि मातीखालून ओला, मळकट कापूस बाहेर आला. त्याला चिकटलेली निळ्या पट्ट्यांची चिंधी! लहानपणी तापात तो ज्या गादीवर आईला बिलगून निजला होता, तीच. मुळांना खोली मिळावी, ओल टिकावी, भार होऊ नये... म्हणून आईनं आपली गादी उसवली होती!

“आई... या थंडीत तू निजतेस कशावर?”

“फरशी आहे की! तिला ऊन दाखवायला नको, पिंजायला नको,” आई हसली, आणि हसता हसता खोकल्यानं दुमडली.

जिन्याच्या तोंडाशी सून उभी होती. कठड्याला धरून ती कशीबशी म्हणाली, “अहो, आईंनी नव्हतं पाठवलं मला... त्या नको नको म्हणत होत्या. मीच ऐकलं नाही. आणि वर... वर मी गप्प बसले!”

मुलगा आईच्या पावलांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

“वेडे रे तुम्ही दोघंही,” आई म्हणाली. “आधी ते रोप उचला. मुळं उघडी पडलीत त्याची.”

संध्याकाळी त्यानं नवी गादी आणली. पण फरशीचा गारठा केव्हाच आईच्या छातीत घर करून बसला होता... गादीला तिच्या अंगाचा खळगाही पडला नाही, आणि ती गेली!

गादी कित्येक दिवस गुंडाळलेलीच राहिली. मग एका सकाळी सुनेनं कात्री घेतली आणि तिची शिवण उसवली. मुलगा नवी, रिकामी खोकी वर नेऊ लागला. तिनं तळाशी पांढराशुभ्र कापूस अंथरला, त्यावर चार बोटं माती पसरली, आणि सासू पेरताना गुणगुणायची ती ओळ नकळत तिच्या ओठांवर आली...

“रुज गं बाई बिये, माती थोडी म्हणू नये...”