निंगव्वाचा पासवर्ड

सकाळचा चहा मी अजून कारखान्यातच घेते. अक्कलकोट रोडवर सासऱ्यांनी पहिले माग टाकले तेव्हापासूनची सवय. त्या दिवशी ऑफिसात अनिमेष बसला होता, कॉम्प्युटरचं बघणारा. माझ्या मुलानं, गुरुशांतनं, प्रत्येक कामगाराला खातं द्यायचं ठरवलं होतं. दिवसभरात विणलेल्या चादरींचा आकडा ज्यानं त्यानं स्क्रीनवर भरायचा. अनिमेषनं काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड टाइप केली आणि नावांसमोर भराभर पासवर्ड उमटले. अक्षरं, आकडे, कशाला कशाचा मेळ नाही.

"असंच पाहिजे, आजी. कुणाला ओळखता येत नाही," तो म्हणाला.

शेवटी एक ओळ जास्तीची होती. नाव नाही, नुसता पासवर्ड. त्यानं कमांड परत चालवली. सगळे बदलले. तो बदलला नाही.

नाव नसलेली ती ओळ कुणाची, ते मला कळलं. मागच्याच महिन्यात आमची जुनी कामगार निंगव्वा मागावर उभ्या उभ्या गेली. आमच्याकडची रीत अशी, की मागावर माणूस गेलं की सगळे माग थांबवायचे, मालकानं आपल्या हातानं त्या मागावरची अर्धी विणलेली चादर कापायची आणि तीच मयतावर घालायची. सासऱ्यांनी पाळली, यांनी पाळली. गुरुशांतनं ऑर्डरचं कारण सांगून दुपारीच तिथं दुसरी बाई उभी केली. निंगव्वा बाजारातून आणलेल्या कापडाखाली गेली.

तिच्या मागावर अजून तोच ताणा आहे, तिनं लावलेले तेच उभे धागे, आज तरी काप, असं मी तेवढ्यात आत आलेल्या गुरुशांतला सांगितलं.

"कॉम्प्युटरला सुतक लागतंय व्हय, आई?"

"हसतोस काय? तिच्या मांडीवर झोपायचास तू."

अनिमेष हसला नाही. त्यानं पुन्हा कमांड चालवली. आता तोच पासवर्ड दोन नावांसमोर होता. मग पाच. मग सगळ्यांसमोर.

बाहेर माग एकेक करून थांबले. वीज होती. डोक्यावर पंखा फिरत होता.

गुरुशांतनं टेबलावरची कात्री माझ्यापुढे आपटली.

"तूच काप जा."

मालकानं कापायचं असतं, मी म्हटलं.

"मला वेळ न्हाई."

मी कापली. पत्र्याखाली अंग भाजत होतं, धागे मात्र विहिरीतून काढल्यासारखे गार होते. मी वळले तसे माग सुरू झाले. संध्याकाळी, निंगव्वाला पुरलं होतं तिथं ती अर्धी चादर अंथरून आले.

दुसऱ्या दिवशी अनिमेषनं कमांड चालवली. जास्तीची ओळ नव्हती. पासवर्डही वेगवेगळे.

"झालं समाधान?" दारातूनच विचारून गुरुशांत शेडकडे गेला.

अनिमेषनं पडद्यावर बोट ठेवलं. मालक म्हणून गुरुशांतचं नाव सगळ्यांत वर होतं. त्यासमोरची जागा कोरी होती.

परत चालव, म्हटलं.

त्यानं चालवली.

कोरीच.

बाहेर माग एकेक करून थांबायला लागले.